पुढचा तुकडा

आमच्या गावात प्रत्येकजण
कुणाच्या तरी डोक्यावर राहतो.
पायऱ्या, पत्र्याची पिवळी-निळी घरं, पुन्हा पायऱ्या.
वरच्या गॅलरीत बाई चादर झटकते
आणि खालून जाणाऱ्याचा भांग
तिला तळहातासारखा वाचता येतो.
वाल्पाराइसोत टक्कल लपत नाही.

मी निबाल्दो, वय एकोणपन्नास.
टेकडी चढणाऱ्या लाकडी डब्याचा तिकीटवाला.
खिडकीत बसतो, सुटे घेतो, दांडा सोडतो.
डबा वर सरकतो तशी सगळी माणसं
माझ्या माथ्याचा निरोप घेत जातात.
म्हणून मी मान वर करून बसतो;
मान वर असली की लोक डोळे बघतात.
नाणी मोजतो बोटांनीच, चाचपून.
चार वर्षं झाली. मानेला पट्टा लागायची वेळ आली.

केस गेले ते भाडेकरूंसारखे,
दोन्ही कोपऱ्यांतल्या खोल्या आधी,
रोज थोडं सामान, कुणाला न सांगता.
मधे एक झुबका तेवढा राहिला,
किल्ली न देणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

दोन्या एर्सिलियाचं दुकान मासळीबाजाराच्या मागे.
पूर्वी ती चर्चमधल्या मूर्तींना केस बसवायची.
‘संत बरे,’ म्हणाली, ‘त्यांना समुद्राचा वारा लागत नाही
आणि ते आरसाही मागत नाहीत.’
मग खण उघडला:
पुढचेच तुकडे, चार-चार बोटं रुंद,
काही जाळीवर विणलेले,
काही कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ कातडीवर.
मी सगळ्यात दाट, सगळ्यात काळा उचलला.
तिने तो माझ्या हातातून काढून घेतला,
लहान मुलाच्या हातून कात्री घ्यावी तसा.

‘हे विशीतलं कपाळ. तुझं कुठंय ते?’
भुवईवर चार बोटं ठेवली,
काजळाच्या कांडीने रेघ ओढली.
मी म्हटलं, थोडी खाली.
‘खाली आणलीस तर लोक केस बघतील.
वर राहू दे, तुला बघतील.’
रेघ सरळही ओढेना. इथे खाच, तिथे वळण.
‘सरळ रेघ फक्त टोपीला असते.’
मग म्हणाली, वीस पांढरे गुंफावे लागतील,
त्यांचे पैसे वेगळे.
मी म्हटलं, बाई, पांढरे माझ्याकडे फुकट आहेत.
ती हसली नाही. कानामागून दोन उपटून
उजेडात धरले. ‘हे पिवळट आहेत. बरं झालं कळलं.’

गुरुवारी बसवायला गेलो.
स्पिरिटचा वास, फडक्यावर चिकटपट्टीचे तुकडे,
आणि तिच्या हातात वस्तरा.
‘मधला झुबका काढावा लागेल.
खाली केस असले की गोंद धरत नाही.’

एवढं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
सगळे सोडून गेले तेव्हा जो थांबला
त्यालाच आता बाहेर काढायचं,
परक्यांना जागा हवी म्हणून.
मी काही बोललो नाही.
तिने आरशातून बघितलं, वस्तरा ठेवला,
झुबका आधी दोऱ्याने बांधला, मग कापला.
सुईसारखा आकडा घेऊन
एकेक केस तुकड्याच्या अगदी पुढच्या काठावर
गाठ मारत बसली. दीड तास.
‘म्हातारा दारात बसू दे. राखणीला.’
याचे पैसे तिने लावले नाहीत,
मीही विचारलं नाही.

बाहेर नोव्हेंबरचा वारा होता,
कपडे वाळत घातलेले दोरच्या दोर उडवणारा.
वरची बाई चादर झटकत होती.
तिने खाली बघितलं, मग पुन्हा चादरीकडे.

दुपारी खिडकीत बसलो, डबा भरला.
सुटे हातात आले
आणि मी मान खाली घातली.
लाज वाटली की घालतात ती ही नव्हे.
नुसती खाली, नाणी बघायला.
तेव्हा दिसलं, गल्ल्यात
शंभराच्या कप्प्यात निम्मी
पन्नासाची पडली होती.